शोधयंत्राकडून आलेले निकाल कोडमध्ये कसे हाताळावेत

गोव्यातील गावोगावच्या मराठी वाचनालयांची एकत्रित ग्रंथसूची शोधता येईल असे एखादे संकेतस्थळ आपण उभारत आहोत, असे समजू. पुस्तकांच्या मूळ नोंदी डेटाबेसमध्ये आहेत, त्यांची प्रत इलॅस्टिकसर्च, ओपनसर्च किंवा सोलर यांपैकी एखाद्या शोधयंत्रात इंडेक्स केलेली, म्हणजे पटकन शोधता येईल अशा रूपात साठवलेली, आहे, आणि पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठल्याही गावातला वाचक मोबाइलवर पुस्तकाचे नाव टाइप करून ते कोणत्या वाचनालयात मिळेल, हे पाहू शकतो. अशा कामात क्वेरी, म्हणजे शोधयंत्राला विचारायचा प्रश्न, कशी लिहावी यावर बराच खल होतो. उलट आलेले उत्तर वाचणारा कोड बहुधा चार ओळींत उरकला जातो. यादी काढून घ्यायची, तिच्यावर लूप फिरवायचा, नावे दाखवायची, आणि यादी रिकामी असेल तर ‘काहीही सापडले नाही’ असे लिहायचे. या लेखाचा विषय त्या चार ओळी हा आहे. उदाहरणे मुख्यतः इलॅस्टिकसर्चची आहेत. ओपनसर्च २०२१ मध्ये त्यातूनच वेगळे झाले असल्यामुळे तेथेही ती बहुतांशी लागू पडतात, आणि सोलरचा वेगळेपणा जेथे महत्त्वाचा आहे तेथे तो सांगितला आहे. शोधयंत्राचे उत्तर ज्या मजकुरी स्वरूपात येते त्या जेसनमधील नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत.

शोधयंत्राचे उत्तर म्हणजे नुसती यादी नव्हे. ती यादी कितपत पूर्ण आहे याचे निवेदनही त्याच उत्तरात असते, आणि ते न वाचता यादी दाखवणे म्हणजे वाचकाला अर्धवट माहिती पूर्ण म्हणून देणे होय. ‘ते पुस्तक आमच्याकडे नाही’ असे म्हणणारा ग्रंथपाल आणि ‘मागच्या कपाटाची किल्ली आज नाही, त्यामुळे तिथे पाहता आले नाही’ असे म्हणणारा ग्रंथपाल यांत जो फरक आहे, तोच फरक आपल्या कोडनेही राखला पाहिजे. ‘नाही’ हे उत्तर वाचक सहसा खरे मानतो. दुर्मिळ पुस्तक शोधणारा माणूस ते ऐकून शोध थांबवतो.

आधी पाकीट, मग आतला मजकूर

उत्तर हाती आल्यावर पहिली पायरी एचटीटीपी स्थिती, म्हणजे विनंतीचे काय झाले हे सांगणारा तीन अंकी संकेत, पाहण्याची. ४०० आली तर क्वेरीच चुकीची आहे आणि तीच पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही. ४०४ बहुधा इंडेक्सचे नाव चुकल्याचे सांगते. ४२९ म्हणजे शोधयंत्रावर भार जास्त झाला आहे, आणि ५०३ म्हणजे ते सध्या उत्तर देण्याच्या स्थितीत नाही. शेवटच्या दोन प्रकारांत थोडे थांबून, प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ वाढवत, मोजक्याच वेळा पुन्हा प्रयत्न करावा. शोधामुळे साठवलेली माहिती बदलत नसल्याने पुन्हा विचारणे धोक्याचे नाही. मात्र भाराखाली असलेल्या सर्व्हरला न थांबता विचारत राहिल्यास तो अधिकच दबतो.

बहुतेक कोड येथवर बरोबर असतो. खरी अडचण यश दर्शवणारी २०० स्थिती आल्यावर सुरू होते, कारण इलॅस्टिकसर्चमध्ये काही शार्ड, म्हणजे इंडेक्सचे वेगवेगळे साठवलेले तुकडे, अपयशी ठरले तरी उरलेल्या शार्डांचे निकाल २०० स्थितीसहच परत येतात. अर्धवट निकाल चालतील, हीच तेथील मूळ सेटिंग आहे. म्हणून उत्तराच्या वरच्या भागातील दोन गोष्टी प्रत्येक वेळी तपासाव्यात: ‘टाइम्ड_आउट’ खरे आहे का, आणि ‘_शार्ड्स’ या भागातील ‘फेल्ड’ची संख्या शून्याहून अधिक आहे का. समजा इंडेक्सचे पाच शार्ड आहेत आणि त्यांपैकी एक बंद पडला आहे. एकूण शार्ड पाच, यशस्वी चार, अपयशी एक, निकाल शून्य, स्थिती २००. वाचकाने शोधलेली एकुलती एक प्रत नेमकी पाचव्या शार्डवर असू शकते, आणि आपला कोड त्याला निःशंकपणे ‘सापडले नाही’ असे सांगून मोकळा होतो. सोलरमध्ये शोधाला घातलेली वेळमर्यादा संपली तर उत्तराच्या शीर्षभागात ‘पार्शल रिझल्ट्स’ अशी खूण येते. तीही अशीच पाहावी लागते.

या तपासणीचा परिणाम कोडच्या रचनेत उतरला पाहिजे. शोध करणाऱ्या फंक्शनने नुसती यादी परत देऊ नये. पूर्ण उत्तर, अपूर्ण उत्तर आणि अपयश अशा तीन स्पष्ट प्रकारांपैकी एक परत द्यावा, आणि हा प्रकार पाहिल्याशिवाय यादीपर्यंत पोहोचताच येणार नाही, अशी रचना करावी. ज्या भाषांत टाइपची सोय आहे तेथे कंपायलरच ही शिस्त सांभाळतो. अपूर्ण उत्तर आले तर मिळालेले निकाल जरूर दाखवावेत, पण त्यांच्यावर ‘सध्या सर्व वाचनालयांच्या नोंदी तपासता आलेल्या नाहीत, थोड्या वेळाने पुन्हा शोधावे’ असे स्वच्छ शब्दांत लिहावे. अपयशाच्या वेळी रिकामी यादी परत देण्याची सवय मात्र मुळातूनच सोडावी. ‘कॅच’मध्ये पकडलेली चूक गिळून रिकामा अॅरे (यादी) परत देणारी ओळ मी कोड तपासताना कधीही मंजूर करत नाही, मग बाकीचा कोड कितीही नेटका असो.

याच संदर्भात कॅशेचा विचार करावा. लोकप्रिय शोधांची उत्तरे काही मिनिटे साठवून ठेवणे योग्यच आहे, परंतु अपूर्ण उत्तर कधीही कॅशेत टाकू नये. अन्यथा बंद पडलेला शार्ड पुन्हा सुरू झाल्यावरही तेच अर्धे उत्तर पुढच्या वाचकांना मिळत राहते.

‘एकूण’ म्हणजे किती

इलॅस्टिकसर्चच्या ७.० आवृत्तीपासून एकूण निकालांचा आकडा हा साधा अंक राहिलेला नाही. ‘टोटल’च्या आत ‘व्हॅल्यू’ आणि ‘रिलेशन’ अशा दोन गोष्टी येतात. रिलेशन ‘इक्यू’ असेल तर आकडा नेमका आहे. ‘जीटीई’ असेल तर निकाल किमान तेवढे आहेत, एवढेच त्यातून कळते. शोधयंत्र मुळात १०,००० पर्यंतच नेमके मोजते, कारण त्यापुढील मोजणी टाळली तर उत्तर लवकर देता येते. ‘इतिहास’ अशा व्यापक शब्दाला १०,००० हा आकडा आला आणि आपण ‘१०,००० पुस्तके सापडली’ असे लिहिले, तर ते विधान चुकीचे ठरते. ‘१०,००० पेक्षा अधिक’ किंवा ‘किमान १०,०००’ असे लिहावे. नेमका आकडा खरोखरच हवा असेल तर ‘ट्रॅक_टोटल_हिट्स’ चालू करता येते, पण शोध करणाऱ्या वाचकाला त्याची गरज क्वचितच असते. ही मोजणी पूर्ण बंद केली तर ‘टोटल’ उत्तरात येतच नाही, हेही कोडला माहीत असावे. सोलरच्या ८.६ आवृत्तीपासून ‘नम फाउंड एक्झॅक्ट’ हे फील्ड याच कामासाठी आहे.

आकडा दाखवताना मराठी वाक्यरचनेकडे लक्ष द्यावे. ‘१ पुस्तके सापडली’ अशी वाक्ये आपल्या संकेतस्थळांवर अजून दिसतात, आणि ती टाळण्यासाठी एकवचन, अनेकवचन व शून्य यांची तीन वेगळी वाक्ये लिहून ठेवणे एवढेच पुरते.

एकेक नोंद उघडताना

‘_सोर्स’मध्ये जे येते ते इंडेक्स करताना पाठवलेल्या जेसनचे जसेच्या तसे रूप असते, आणि इलॅस्टिकसर्चमध्ये अॅरे असा वेगळा प्रकार नाही. त्यामुळे एका लेखकाच्या पुस्तकात ‘लेखक’ हे फील्ड साधी स्ट्रिंग (सलग मजकूर) असते, दोन संपादकांच्या पुस्तकात तेच अॅरे असते, आणि जुन्या नोंदीत ते नसतेच. स्ट्रिंगला अॅरे समजून तिच्यावर लूप फिरवला तर पायथनसारख्या भाषेत चूक दाखवली जात नाही. लेखकाच्या नावातील व्यंजने आणि काना-मात्रा स्वल्पविरामांनी विलग होऊन पडद्यावर येतात. यावर उपाय असा की, शोधयंत्राचे उत्तर आणि उरलेला कोड यांच्यामध्ये एक छोटा थर ठेवावा. त्या थरात प्रत्येक नोंद आपल्या ठरलेल्या साच्यात उतरवावी, लेखक नेहमी यादीच असतील असे करावे, नसलेल्या फील्डांना ठरलेले मूल्य द्यावे, आणि शोधयंत्राच्या जेसनमधील नावे या थराच्या पलीकडे जाऊ देऊ नयेत.

‘_स्कोअर’, म्हणजे नोंद क्वेरीशी किती जुळते याचा आकडा, याबद्दल दोनच गोष्टी सांगतो. निकाल वर्षानुसार किंवा नावानुसार लावायला सांगितले तर स्कोअर ‘नल’ (रिकामा) येतो, त्यामुळे त्याला आकडा गृहीत धरणारा कोड तेथे कोसळतो. आणि स्कोअर हा त्या एका क्वेरीपुरता क्रम लावण्यासाठी असतो; दोन वेगवेगळ्या शोधांतील स्कोअरांची तुलना करणे, किंवा त्याची टक्केवारी करून ‘८५ टक्के जुळले’ असे वाचकाला सांगणे, यांना आधार नाही.

उतारे आणि तुटलेली अक्षरे

जुळलेला शब्द उठून दिसावा म्हणून आपण हायलाइट, म्हणजे त्या शब्दावर खूण केलेला उतारा, मागतो. हे फील्ड प्रत्येक नोंदीत असेलच असे नाही, कारण जुळणी दुसऱ्याच फील्डमध्ये झालेली असू शकते. ते नसेल तेव्हा साधे वर्णन दाखवण्याची सोय ठेवावी. सोलरमध्ये हायलाइट नोंदीच्या आत येत नाहीत. उत्तराच्या वेगळ्या भागात ते नोंदीच्या आयडीखाली ठेवलेले असतात, म्हणून दोन्ही भाग आयडीवरून जोडावे लागतात.

सुरक्षिततेचा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. इलॅस्टिकसर्च जुळलेल्या शब्दाभोवती एचटीएमएल टॅग घालते, पण मूळ मजकुरातील एचटीएमएल निष्प्रभ करत नाही. पुस्तकाच्या वर्णनात कोणी स्क्रिप्ट टॅग लिहून ठेवला असेल, आणि आपण उतारा थेट पानावर ओतला, तर ती स्क्रिप्ट वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालू शकते. हायलाइटच्या सेटिंगमध्ये एन्कोडर ‘एचटीएमएल’ असा ठेवावा. किंवा टॅगऐवजी मजकुरात कधीच न येणाऱ्या खुणा मागवून, आधी सगळा उतारा एस्केप करावा, म्हणजे त्यातील एचटीएमएल निष्प्रभ करावे, आणि मग त्या खुणांच्या जागी आपले टॅग घालावेत. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण त्यात नियंत्रण आपल्या कोडकडे राहते आणि शोधयंत्र बदलले तरी तो टिकतो.

मराठी मजकुराचा सारांश आपण स्वतः कापतो तेव्हा वेगळीच काळजी घ्यावी लागते. ‘म्हापसा’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण युनिकोडमध्ये तो सात संकेतबिंदूंचा आहे: म, हलन्त, ह, काना, प, स, काना. दोन बिंदूंवर कापला तर ‘म्’ उरतो, तीनवर कापला तर ‘म्ह’ उरतो आणि काना गळतो. ‘पहिली शंभर कॅरेक्टर’ घेणारी ओळ इंग्रजी मजकुरावर फार तर शब्द तोडते. मराठीत ती अक्षरच तोडते. जावास्क्रिप्टमधील ‘इंटल सेगमेंटर’ अक्षरगट ओळखतो, परंतु युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, देवनागरी जोडाक्षरे एकत्र ठेवण्याचा नियम आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी प्रणाली ‘म्हा’चेही ‘म्’ आणि ‘हा’ असे दोन तुकडे करते. म्हणून सारांश शब्दाच्या सीमेवर कापावा, म्हणजे ठरलेल्या लांबीच्या आतील शेवटच्या मोकळ्या जागेपर्यंत मागे यावे. ही पद्धत साधी आहे आणि कोणत्याही आवृत्तीत चालते.

पाने उलटताना आणि डेटाबेसशी जोडताना

‘फ्रॉम’ (कितव्या निकालापासून) आणि ‘साइज’ (किती निकाल) वापरून पाने काढणे सोपे आहे, पण या दोहोंची बेरीज १०,००० च्या पुढे गेली की इलॅस्टिकसर्च मूळ सेटिंगमध्ये क्वेरी नाकारते. ती मर्यादा वाढवण्याचा मोह टाळावा, कारण खोल पानासाठी प्रत्येक शार्डला आधीचे सगळे निकाल क्रमाने धरून ठेवावे लागतात. वाचकाला मोजकी पाने पुरतात. सगळ्या नोंदी निर्यात करायच्या असतील तर ‘पॉइंट इन टाइम’ (इंडेक्सची त्या क्षणीची स्थिर स्थिती) उघडून ‘सर्च_आफ्टर’ (मागच्या पानाच्या शेवटच्या नोंदीपुढून शोध) वापरावे, आणि सोलरमध्ये ‘कर्सर मार्क’. दोन्ही ठिकाणी क्रमाच्या निकषात शेवटी एखादे अद्वितीय फील्ड असू द्यावे, म्हणजे समान मूल्याच्या नोंदी पानांच्या सीमेवर गळत किंवा दुणावत नाहीत; सोलरमध्ये तर ही अटच आहे.

कधी वाचक पहिल्या पानावरून दुसऱ्यावर जातो आणि तेच पुस्तक त्याला पुन्हा दिसते. एकाच शार्डच्या दोन प्रतींमध्ये काढून टाकलेल्या नोंदींची स्थिती वेगळी असेल तर स्कोअर किंचित वेगळे येतात, आणि प्रत्येक विनंती वेगळ्या प्रतीकडे गेल्यास क्रम हलतो. ‘प्रेफरन्स’मध्ये वाचकाच्या सत्राची ओळख दिली, की त्याच्या विनंत्या शक्यतो त्याच प्रतीकडे जातात.

शोधयंत्राकडून फक्त आयडी घेऊन सविस्तर नोंदी डेटाबेसमधून आणण्याची पद्धत चांगली आहे, पण आयडींची यादी देऊन केलेली एसक्यूएल क्वेरी नोंदी त्या क्रमाने परत देण्याची हमी देत नाही. आलेल्या नोंदी आयडीनुसार मॅपमध्ये ठेवाव्यात आणि शोधयंत्राच्या क्रमाने त्यातून उचलाव्यात. एखादी नोंद डेटाबेसमधून काढली गेलेली असेल आणि इंडेक्समध्ये उरली असेल, तर ती गाळावी आणि लॉगमध्ये तिची नोंद करावी. वाचकाला कोणत्या नोंदी पाहण्याचा अधिकार आहे, ही गाळणी मात्र निकाल आल्यावर करू नये. ती क्वेरीतील फिल्टरमध्येच घालावी, नाहीतर दहाच्या पानावर तीनच पुस्तके दिसतात आणि एकूण आकड्यावरून लपवलेल्या नोंदींचा सुगावा लागतो.

ग्रंथपालाने नवे पुस्तक नोंदवले आणि लगेच शोधले तर ते सापडेलच असे नाही, कारण नवी नोंद शोधात दिसण्यासाठी इंडेक्स रिफ्रेश व्हावा लागतो आणि त्याची मूळ मुदत एक सेकंद आहे. नोंदणीनंतर दाखवायचे पान आयडीवरून आणावे. आयडीने केलेली मागणी रिफ्रेशवर अवलंबून नसते.

टाइप होत असतानाच निकाल दाखवायचे असतील तर प्रत्येक विनंतीला चढता क्रमांक द्यावा आणि सर्वांत अलीकडच्या क्रमांकाचे उत्तरच पडद्यावर येऊ द्यावे. तसे न केल्यास ‘फो’ या विनंतीचे उशिरा आलेले उत्तर ‘फोंडा’च्या निकालांवर बसते. ब्राउझरच्या कंपोझिशन (अक्षर जुळत असल्याचे सांगणाऱ्या) घटनांकडेही लक्ष ठेवावे, म्हणजे मराठी कीबोर्डवर अक्षर अर्धवट असताना शोध सुटत नाही.

निकाल खरोखरच शून्य असेल तेव्हा

सर्व शार्डांनी उत्तर दिले आहे, वेळ संपलेली नाही, रिलेशन ‘इक्यू’ आहे आणि आकडा शून्य आहे, असे समजू. वाचकाने ‘मडगांव’ टाइप केले आहे आणि सूचीत ‘मडगाव’ आहे. शोधयंत्राच्या दृष्टीने उत्तर बरोबर आहे. वाचकाच्या दृष्टीने ते चुकीचे आहे. गोव्यात हा प्रसंग विशेष येतो, कारण कोकणीत अनुस्वारासह लिहिण्याची रीत आहे, मराठीत तो आता लिहीत नाहीत, आणि अनेकजण दोन्ही भाषा रोज लिहितात. त्यात रोमन लिपीतील पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगांची भर पडते: डिचोली तेथे ‘बी’पासून सुरू होते, सांगे, केपे आणि पेडणे यांच्या शेवटी ‘एम’ येतो.

फझी, म्हणजे थोडे वेगळे लिहिलेले शब्दही जुळवणाऱ्या, शोधाने हे सगळे सुटेल अशी अपेक्षा ठेवू नये. इलॅस्टिकसर्चची ‘ऑटो’ सेटिंग तीन ते पाच कॅरेक्टरांच्या शब्दात एक बदल आणि त्याहून मोठ्या शब्दात दोन बदल चालवून घेते, आणि काना, मात्रा, अनुस्वार हे प्रत्येकी एक कॅरेक्टर म्हणून मोजले जातात. त्यामुळे ‘मडगांव’ला ‘मडगाव’ सापडते हे खरे, पण ‘सांगे’ या तालुक्याच्या नावाला ‘सांगा’ आणि ‘सांग’ हे शब्दही तितक्याच सहज जुळतात, आणि डिचोलीचे रोमन नाव तर सापडतच नाही. बाराही तालुके आणि मोठी गावे यांच्या नावांची समानार्थी यादी हाताने तयार करावी. काम लहान आहे आणि त्याचा उपयोग कायमचा आहे. शिवाय इंडेक्स आणि क्वेरी दोन्हीकडचा मजकूर युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित लेखनरूपात आणावा, म्हणजे ‘ऱ’ एका संकेतबिंदूने लिहिला काय किंवा र आणि नुक्ता असा लिहिला काय, तो एकच ठरेल. ‘१९६१’ हे वर्ष कोणी देवनागरी अंकांत लिहील, कोणी इंग्रजी अंकांत. त्यासाठी ‘डेसिमल डिजिट’ हा फिल्टर तयार मिळतो.

एवढे करूनही शून्य आले तरच दुसरी, सैल क्वेरी पाठवावी आणि तिचे निकाल वेगळ्या शीर्षकाखाली द्यावेत: ‘या शब्दांशी नेमके जुळणारे पुस्तक सूचीत नाही. जवळच्या शब्दांचे निकाल खाली दिले आहेत.’ वाचकाने विचारलेला शब्द न सांगता बदलू नये. तो कदाचित ‘सांगे’च शोधत असतो, आणि ते सूचीत नसल्याचे कळणे हा त्याचा हक्क आहे. शून्य निकालाचे शोध लॉगमध्ये वेगळे ठेवावेत, शोधणाऱ्याची ओळख न ठेवता, आणि ठरावीक काळाने ते वाचून समानार्थी यादीत भर घालावी. अपूर्ण उत्तरातील शून्य या लॉगमध्ये मिसळू देऊ नये.

टेस्ट लिहिताना शोधयंत्राची खरी उत्तरे फाइलमध्ये साठवून घ्यावीत आणि त्यांत हाताने बदल करून प्रसंग तयार करावेत: एक शार्ड अपयशी आणि निकाल शून्य, वेळ संपलेली आणि निकाल तीन, रिलेशन ‘जीटीई’, स्कोअर ‘नल’, लेखक स्ट्रिंग, अॅरे आणि गैरहजर, हायलाइट नसलेली नोंद, वर्णनात स्क्रिप्ट टॅग. पहिल्या प्रसंगात पडद्यावर ‘सापडले नाही’ हे शब्द येत असतील तर टेस्ट नापास व्हायला हवी, आणि हीच टेस्ट सर्वांत आधी लिहावी.